फोटोतला हात

३ फेब्रुवारी, सोमवार

मिळाली एकदाची! मरळ. चौदा इंच आणि वर थोडंसं. ते थोडंसं आमच्या मासेमारी लीगच्या ॲपला चालत नाही — पाव इंचाच्या खालचं सगळं वाया.

पहाटेच पेज नदीवर गेले होते. थंडी अशी की गळाला गांडूळ लावताना बोटं माझी की दुसऱ्या कुणाची, कळेना. मासा लागला तेव्हा आनंद वगैरे झाला नाही. आता पुढचं सगळं करायचं, एवढंच डोक्यात आलं. पुढचं म्हणजे — मासा फळीवर आडवा घाला, तोंड ठोकळ्याला टेकवा, तोंड मिटलेलं हवं, शेपूट पट्टीवर सरळ हवं. मग हात! लीगवाले दर आठवड्याला एक कोड देतात. तो पंजाच्या मागच्या बाजूला पेनाने लिहायचा आणि तो हात माशावर ठेवलेला फोटोत दिसला पाहिजे. पूर्वी कोड चिठ्ठीवर लिहायचे. कुणीतरी कॉम्प्युटरवर चिठ्ठीच बदलली म्हणे, तेव्हापासून हात. फोटो झाला की मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. फोटो वर गेला की जितेशच्या नावापुढे इंच जमा.

नाव जितेशचं, हात माझा. नवरा-बायकोत काय, सगळं एकच.

तिथून थेट रिसॉर्टवर. रिसेप्शनला उभं राहून दिवसभर वेलकम सर, वेलकम मॅडम. एक मॅडम नाक मुरडून म्हणाल्या, इथे मच्छीचा वास येतोय का? म्हटलं, किचनमधून येत असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही. एक खेकडा आणि एक चप्पल. आठवड्यातून दोनच सकाळी मोकळ्या मिळतात, त्यातली एक अशी गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजही हात हलवत परत. जितेश पलंगावरूनच विचारतो — 'काय गं?' मी नुसती मान हलवली. तेवढ्यावर तोंड पाडलं त्याने. दुपारी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या तर 'आज नको' म्हणून मोकळा.

हे असं आहे. म्हणून तर जावं लागतं! गणपतीच्या सुमारास एका फार्महाऊसच्या पत्र्यावर सोलर बसवताना खाली आला. मणक्याला मार. पायांत जोर येईल, पण व्यायाम सोडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि हा भिंतीकडे तोंड करून पडला तो थेट दिवाळीपर्यंत. जेव म्हटलं की जेवायचा, वळ म्हटलं की वळायचा. बोलणं नाही, रागावणं नाही. मला तर वाटायला लागलं होतं की हा आता असाच. एक दिवस मात्र आपणहून फोन मागितला. लीग सुरू झाली का, ते बघायला. तीन-चार वर्षं तो आणि चौक गावचा मुझम्मिल, दोघं जोडीने खेळायचे. 'या टायमाला माझं नाव नाय,' म्हणाला. आवाज असा होता की माझ्या तोंडातून निघून गेलं — मी जाते ना! तू सांग, मी धरते.

बोलायला काय जातं? अजून भोगतेय.

ज्याचं खातं त्यानेच मासा धरायचा, हा नियम अगदी पहिल्या ओळीत आहे. जितेशला माहीत, मला माहीत, मुझम्मिलला तर माहीत आहेच. बाकीचे सगळे पुण्या-नाशकाचे, कोल्हापूरकडचे. इकडे कोण पलंगावर आहे आणि कोण नदीत, त्यांना कशाला कळतंय.

१३ फेब्रुवारी

शिंगटी, नऊ इंच. शिंगटीचा काटा अंगठ्यात गेला तो गेलाच. ठणका आहे.

फोन कानाला लावून हा मला घरातून हुकूम सोडतो. 'उंबराच्या मुळाशी टाक. तिथं नाय, अलीकडं! आता थांब. थांब म्हणलं ना!' नदीवर मी आणि दटावतोय हा. एका मेंढपाळाने बघितलं मला आज, फोनवर 'थांबलेय ना रे!' म्हणून ओरडताना. बिचारा मेंढरं घेऊन लांबून गेला.

घरी आल्यावर आईंचं सुरू. सासूबाईंना हे सोडणं काही केल्या पटत नाही. 'हातात आलेला मासा सोडून येतीस? घरात सुकटीचं कालवण, आन् तू पाण्यात मासे सोड!' रोज तेच. पण जितेशने फोटो बघितला, उठून बसला, आणि मॅडमनी सांगितलेले सगळे व्यायाम दात-ओठ खाऊन केले. मी मोरीत जाऊन अंगठा गरम पाण्यात धरून बसले. इतकी दमलेय की रडायचा पण कंटाळा आला.

१८ फेब्रुवारी

पोशीरला जाऊन आले. सुनंदाताईंच्या — नणंदेच्या — अक्षयचं लग्न. आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या बायकांना चुडा भरला. मी म्हटलं मला नको, कामावर अडचण होते. आई म्हणाल्या, 'तुलाच तर पाह्यजे! नवरा आजारी, आन् हिचे हात मोकळे!' सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. कासारणीने हात दाबून दाबून इतक्या घट्ट चढवल्या की डोळ्यांत पाणी आलं. 'घट्ट चुडा चांगला असतो पोरी,' म्हणाली. तिचं काय जातंय.

लग्नात प्रत्येकाने जितेशचं विचारलं. माझं कुणी नाही. पुलाव मात्र छान होता.

२० फेब्रुवारी

मासा मिळाला आणि फोटो काढता आला नाही! पंजावर कोड, पंजाच्या वर हिरव्यागार बांगड्या. जितेश नावाच्या माणसाच्या हातात! सोडून दिला तसाच. बारा तरी असेल.

घरी येऊन साबण लावला, तेल लावलं, प्लास्टिकची पिशवी घालून ओढलं. एक म्हणून निघाली नाही. शेवटी पाट्याजवळ गेले तर आई धावत आल्या. 'अगं काय करतीस! नवरा पलंगावर, आन् तू हातानं बांगड्या वाढवायला निघालीस?' बांगडी फोडली असंही म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण हात पुढे होईना. आता मनात एकदा आलं ना, मग नाहीच होत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

युक्ती निघाली. जितेशचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटावर रबर बँड. बांगड्या आत. तेरा इंच, कुणाला काही कळलं नाही.

२७ फेब्रुवारी

काही नाही.

३ मार्च

मुझम्मिल आला होता. मी सवयीने पाणी पुढे केलं आणि जीभ चावली — रोजे सुरू झालेत. तो हसला. 'राहू दे वहिनी.' जितेशजवळ बसून दोघांनी यादी बघितली. तो पहिला, जितेश दुसरा, महिनाअखेर हंगाम संपणार. 'वहिनी, तुमी मला पाडणार हां यंदा,' म्हणाला. बोलायला गोड माणूस. टायरचं दुकान सांभाळून रोजा धरून हा पहाटे नदीवर जातो. मला तर बिनारोज्याचंच चालवत नाही.

जितेश खूप दिवसांनी खळखळून हसला. तेवढ्यासाठी अजून चार आठवडे ओढीन. मग मात्र बास.

१० मार्च, सोमवार

अक्षर बघ कसं आलंय.

खडस मासा लागला. मोठा. इतका मोठा की फोन बंद करून मागे काठावर फेकला आणि दोन्ही हातांनी काठी धरली. वरच्या वीजघरातून पाणी सोडलं की पेज चढते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. मी उभी होते त्या नदीतल्या खडकावर उभं राहू नको, हे जितेशने शंभरदा सांगितलंय. पण काठी वाकलेली आणि डोक्यात एकच — हा आला की आपण पहिले! पाणी घोट्याला लागलं तेव्हा कळलं. मग गुडघ्याला. मागे वळले आणि पाय सटकला.

किती गेले वाहत, माहीत नाही. फार नसेन. मुळं हाताला लागली. वर आले तेव्हा काठी अजून मुठीत आणि मासा अजून गळाला. वेड्यासारखं मी काय करावं? फळी शोधली! मासा मोजला, फोटो काढला, मासा सोडला. मग खाली बसले आणि उलटी झाली.

बावीस इंच. हंगामातला सगळ्यांत मोठा.

तीन बांगड्या वाढल्या. काचेने मनगट कापलंय. आईंना सांगितलं, रिसॉर्टच्या दारात हात सापडला. त्या तुळशीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. जितेशला पाण्याचं सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा करून करून बघितला. मला वाटलं आता ओरडतोय आनंदाने. 'मोठा हाय,' एवढंच म्हणाला आणि फोन उशीखाली ठेवला.

एवढं करून एवढंच! आत जाऊन भांडी आपटली.

११ मार्च

आपण पहिले!

आणि लीगच्या ग्रुपवर दंगा. ओल्या बाहीचा रबर बँड कुठे गेला कुणास ठाऊक, फोटोत हिरव्या बांगड्या लख्ख दिसतायत. 'जितेशभाऊ, बांगड्या भरल्या की काय?' त्यावर हसणारी तोंडं. नाशकाचा एक म्हणतो, हात बघा, हात भाऊंचा नाय. रांगच लागली. मी फोन बंद केला. जितेश भिंतीकडे वळला नाही अजून, पण माझ्याकडेही नीट बघत नाही.

१२ मार्च

रीतसर तक्रार झालीय. लीगचे प्रवीण म्हणून आहेत, त्यांचा मेसेज — खातं थांबवलंय, चौकशी होईल. ग्रुपवर गंमत चालली तेव्हा काही नव्हतं, पण तक्रार आली की बघावं लागतं, असं लिहिलंय.

मासे धरणारी मी आहे, हे ठाम कोण सांगू शकतो? एकच जण. जो कालपर्यंत पहिला होता.

१३ मार्च

होळी. पोळ्या केल्या नाहीत.

मुझम्मिलला फोन केला. संध्याकाळ होती, मागून झोहराचा आवाज येत होता, ताटं मांडत असावी. मी काही म्हणजे काही ठेवलं नाही. म्हटलं, आमच्या घरी येऊन बसतोस, हसतोस, आणि मागून हे? अरे, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता तेव्हा तू बघितलंस ना! पुन्हा पडला तर तू येणारेस उठवायला? पहिल्या नंबराला बक्षीस म्हणून मिळणारी एक गळाची काठी, तिच्यासाठी?

तो शेवटी म्हणाला, 'वहिनी, मी केलेली नाय. पन तुमाला तसं वाटत असंल तर राहू दे. जितेशला सांभाळा.' लगेच अजान झाली आणि मी फोन ठेवला.

१६ मार्च

खातं बंद. नाव काढून टाकलं. चार महिन्यांच्या पहाटा, सगळे इंच, सगळं शून्य.

जितेशला सांगायला माझी जीभ उचलेना. संध्याकाळपर्यंत टाळलं. शेवटी पलंगाच्या कडेला बसून सांगितलं आणि भिंतीकडेच बघत राहिले, कारण आता हा तिकडे वळणार. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, 'बरं. जेवायला काय हाय?'

१८ मार्च

मला काही कळेनासं झालंय. आज आपणहून मॅडमना म्हणाला, उभं करा. पलंगाचा दांडा धरून उभा राहिला! घामाने निथळला, पण राहिला. आई तर दृष्टच काढत बसल्या. मी ज्यासाठी पाण्यात मरत होते ते गेलं, आणि हा पोहे मागतो, उभा राहतो, आईंना चिडवतो! मग मी इतके दिवस काय केलं?

आनंद झाला. रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे डोकं दुखतंय.

२० मार्च

प्रवीण यांचा फोन. माणूस सभ्य आहे. म्हणाले, वहिनी, तुम्ही धरलेले मासे चांगले होते, वाईट वाटलं, पण नियम आहे. मी फणकाऱ्याने म्हटलं, तक्रार करणाऱ्याला लखलाभ! ते गोंधळले. 'तुम्हाला माहीत नाही? तक्रार जितेशच्याच खात्यावरून आली. त्यांनीच लिहिलं — मासे मी धरलेले नाहीत, माझं नाव काढा.'

गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्यांना खोलीची किल्ली द्यायची सोडून मी पेन दिलं.

२१ मार्च

विचारलं. लपवलं नाही त्याने.

उशीखालून फोन काढला, तो फोटो उघडला. माशावर नाही, माशाच्या मागे बोट ठेवलं. 'खडक कुठं हाय?' मी बघितलं. नुसतं गढूळ पाणी. मी फोटो काढला तेव्हा मला मासा दिसत होता. त्याला मागची नदी दिसली. मग माझा हात मोठा करून दाखवला — मनगटावरचं रक्त, फुटलेली काच. 'दारात सापडला म्हणे!'

म्हटलं, मग मला बोलायचं ना! तक्रार कसली करतोस? म्हणाला, 'बोललो असतो तर ऐकली असतीस? आता पहिला नंबर हाय, तीनच आठवडे राहिलेत, म्हणाली असतीस. मी काय पळत येऊन तुला धरनार होतो?'

तो रडायला लागला. मी नाही रडले. मला फार राग आलाय. मी त्या बिचाऱ्या मुझम्मिलला काय काय बोलले! दुसऱ्याच्या दारात मला खोटं पाडलं. आज बोलणार नाही त्याच्याशी. उद्याही नाही.

२४ मार्च, सोमवार

सोमवार असून नदीवर गेले नाही. जीपने चौकला गेले, मुझम्मिलच्या दुकानात. टायर काढत होता. मी उभ्या उभ्या म्हटलं, चुकलं माझं. तू रोज्यात होतास आणि मी... त्याने हात पुसले. 'वहिनी, जितेशनी तक्रार केली त्याच रात्री मला सांगितलं हुतं. बोलला, तिला कळू देऊ नको, ती मला खाऊन टाकील.' आणि शिव्या याने खाल्ल्या! झोहरा घरी घेऊन गेली. ती रोज्याची, तरी मला चहा करून दिला. मी नको नको म्हणत प्यायले.

३१ मार्च

ईद. झोहराने शीरखुर्मा पाठवला. जितेशने दोन वाट्या संपवल्या. आता बोलायला लागलेय त्याच्याशी, म्हणून विचारलं — एवढ्या हौसेचं नाव, स्वतःच्या हाताने पुसताना काहीच वाटलं नाही?

'कसली हौस? दुसऱ्यानं धरलेले मासे बघन्यात काय मजा गं! मला दिवाळीतच कंटाळा आला होता. पन तू म्हनालीस मी जाते. माझं अंग पुसून, आयचं ऐकून, कामावरनं येऊन तुझं तोंड कसं झालं होतं तेव्हा! म्हनलं, जाऊ दे. आठवड्यातनं दोन सकाळी तरी माझ्यापासून सुटेल.'

आणि मासा मिळाला नाही की तोंड पाडायचास, ते?

'नाय पाडलं असतं तर परत गेली असतीस का?'

मी याच्यासाठी मरत होते आणि हा माझ्यासाठी रुसत होता! शहाणी माणसं! आणि मी एवढी पानं कुरकुरले, पण एक गोष्ट इथेही लिहिली नाही. नदीवर गेल्यावर, याला फोन लावायच्या आधी, मी थोडा वेळ नुसती पाण्यात पाय सोडून बसायचे. दर वेळी. तेव्हा मी कुणाची कुणी नसायचे. फार बरं वाटायचं.

'तुझ्याच नावानं खातं काढू का?' जितेश फोन हातात घेऊन विचारत होता. म्हटलं, काढ. पण आधी मला झोपू दे.